परक्या मोबाइलवरचे सहा अंक

श्रावण शुद्ध चतुर्थी, सोमवार, दिनांक २८ जुलै २०२५. वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. स्थळ गेवराई तालुक्यात उमापूरच्या पलीकडे असलेल्या हिंगणवाडी गावातील ऑनलाइन सेवा केंद्र. दुसऱ्या दिवशी नागपंचमी असल्यामुळे गावातील मुली मेंदीत गुंतल्या होत्या. ऊसतोड कामगार बंकट यांची मुलगी वैष्णवी मात्र वडिलांचा मोबाइल मुठीत घट्ट धरून केंद्राच्या पायऱ्या चढत होती. बारावीनंतरच्या प्रवेशासाठी महाविद्यालयांचा पसंतीक्रम बदलण्याची मुदत त्या सायंकाळी पाच वाजता संपत होती; आणि आपल्या अर्जात कोणता क्रम लागला आहे, हे तिचे तिलाच ठाऊक नव्हते.

अर्जात काय लिहिले आहे हे अर्जदारास ठाऊक नसावे, ही गोष्ट काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. हिंगणवाडीत मात्र तो रिवाजच पडला होता. शिष्यवृत्तीचे, पीकविम्याचे, परीक्षेचे आणि प्रवेशाचे अर्ज गेली सहा वर्षे रविराज नावाचा एकच तरुण भरीत आला होता. तो लबाड नव्हता, हे आरंभीच सांगितले पाहिजे. लबाड माणसाची गोष्ट सांगणे सोपे असते. गावातील अर्धीअधिक घरे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात. तिकडे रिचार्ज संपे, क्रमांक बंद पडे, आणि अर्जाचा ओटीपी नेमका त्या बंद क्रमांकावर जाऊन पडे. असे दोन मुलांचे वर्ष बुडाल्यावर रविराजने एक सोय काढली. प्रत्येक अर्जावर तो स्वतःचा मोबाइल क्रमांक घालू लागला आणि प्रत्येकाचा पासवर्ड एका लांबट वहीत उतरवून ठेवू लागला. गावाने त्याला दुवा दिला. एकशे बारा विद्यार्थ्यांचे अर्ज एका माणसाच्या खिशात राहू लागले, आणि त्यात काही वावगे आहे असे कोणासही वाटले नाही.

वैष्णवीला मोबाइल कळत नव्हता असेही नाही. तिच्या रांगोळीच्या व्हिडिओंना आसपासच्या दहा गावांत चाहते होते; चित्रीकरण, संगीत, अक्षरांची सजावट ती एकटी करी. त्याच दिवशी अडीचच्या सुमारास ती ओट्यावर असाच एक व्हिडिओ जोडत बसली असता शेजारचे धोंडीराम तात्या तिच्यापाशी येऊन उभे राहिले होते. तात्या हे टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. चौतीस वर्षे त्यांनी सायकलवरून सात गावांचे टपाल वाटले होते, आणि वाद घालण्याची त्यांना मोठी हौस होती.

“किती माणसांनी बघितली गं तुझी रांगोळी?” त्यांनी विचारले.

“साडेनऊ हजार, तात्या.”

“आन् तुझा अर्ज क्रमांक काय?”

“ते रविदादाला माहीत हाय.”

“परभणी कितव्या नंबरला टाकली?”

“पहिल्या. कृषी अभियांत्रिकी. मी सांगितलंय तसं.”

“सांगितलंस. बघितलंस का?”

वैष्णवी हसली, पण ते हसू फार वेळ टिकले नाही. तिने प्रवेशाचे संकेतस्थळ उघडले. त्याने पासवर्ड मागितला; तो तिच्यापाशी नव्हता. ‘पासवर्ड विसरलात?’ या ओळीवर तिने बोट ठेवले. ४१ या अंकांनी संपणाऱ्या मोबाइलवर ओटीपी पाठविला आहे, असे उत्तर आले. तो क्रमांक तिचा नव्हता, वडिलांचा नव्हता, घरातील कोणाचाही नव्हता. साडेनऊ हजार लोकांपर्यंत पोहोचणाऱ्या मुलीला स्वतःच्या अर्जापर्यंत पोहोचता येईना! आणखी दोनदा तिने प्रयत्न केला. दोन्ही वेळा ओटीपी ४१ वरच गेला. तेव्हा ती उठली आणि केंद्राकडे निघाली. तात्या तिच्यासोबत निघाले.

रविराजने तिला हसून वाटेला लावण्याचा प्रयत्न केला. पंचमीच्या आदल्या दिवशी अर्ज कसले उकरतेस, सगळे बरोबर आहे, घरी जाऊन मेंदी लाव, असे तो म्हणाला. तिने पडद्यावर दाखवा म्हटले, तेव्हा सर्व्हर मंद चालतो आहे असे त्याने सांगितले. वैष्णवीने वाद घातला नाही. तिथल्या तिथे तिने पुन्हा ओटीपी मागविला. टेबलावर पडलेला रविराजचा मोबाइल थरथरला. त्याने तो उचलून पाहिला आणि पालथा ठेवला.

इतक्यात आपला मोबाइल शोधीत बंकट केंद्राच्या दारात आले. रविराजची नजर त्यांच्याकडे गेली आणि तिथेच अडकली.

“दादा, माझ्या अण्णाकडं का बघता?” वैष्णवीने विचारले.

रविराजने लांबट वही उघडली. मग त्याने वहीतील पासवर्ड घातला आणि पडदा तिच्याकडे फिरवला. पहिल्या क्रमांकावर एसटीने तासाभराच्या अंतरावरचे एक खाजगी महाविद्यालय होते. दुसऱ्यावर त्याच वाटेवरचे आणखी एक होते. परभणी तिसऱ्या ओळीत होती. पहिल्या दोनपैकी एखादे मिळणार हे तिच्या गुणांवरून निश्चित होते. म्हणजे परभणीचा प्रश्नच उरत नव्हता.

“तुझ्या अण्णांनीच सांगितलं,” रविराज म्हणाला. “त्यात तुझं वाईट काय हाय? सकाळी जायचं, संध्याकाळी घरी यायचं.”

बंकट यांची बाजूही वाचकांनी ऐकली पाहिजे. दसरा ते चैत्र नवरा-बायको कारखान्याच्या फडावर असत. त्या सहा महिन्यांत सातवीतला आदिनाथ, घर आणि जनावरे हे सारे गेली चार वर्षे वैष्णवी सांभाळीत होती. ती परभणीला गेली तर घराला कुलूप लागणार होते. हे तिला सांगावे, तर ती रडेल. न सांगावे, तर ती जाईल. म्हणून त्यांनी तिसरी वाट काढली आणि रविराजच्या कानाशी लागले. मुलीला कधीच कळणार नव्हते. गुण कमी पडले असे समजून ती गप्प बसली असती.

वैष्णवीने वडिलांवरून नजर काढली. तिने रविराजकडे हात केला. “दादा, ओटीपी सांगा. मला माझा पासवर्ड करायचा हाय.”

रविराजने मोबाइलवर हात ठेवला. मग तो जे बोलला त्यात रागापेक्षा दुखावलेपणा अधिक होता. तुम्ही लोक मुदतीच्या शेवटच्या दिवशी येता, पासवर्ड दुसऱ्या दिवशी विसरता, सिमकार्ड वर्षात दोनदा बदलता. मी माझा नंबर दिला नसता तर या गावातील निम्म्या मुलांना शिष्यवृत्ती मिळाली नसती, असे त्याने सुनावले. आणि त्यातील एकही शब्द खोटा नव्हता. “सहा वर्षं जीव काढला. कुणाचं नुकसान केलं, एक तरी नाव घ्या,” असे म्हणून तो थांबला.

“नुकसान होईल का न्हाई, हे तू ठरवायचं का तिनं?” तात्यांनी विचारले.

“बापानं सांगितल्यावर मी कोण ठरवणार, तात्या?”

“बापाला सांगायचा हक्क हाय. पण पोरीला सांगायचा. तुला न्हाई.”

“तात्या, पत्रं वाटायचं काम न्हाई हे,” रविराज जरा टोचून म्हणाला. “एक बटन चुकलं की वर्ष जातं.”

तात्या बाकावर बसले. वाद घालताना ते नेहमी उभे राहत; त्या दिवशी बसले.

“पत्रं वाटायचंच काम हाय हे,” ते म्हणाले. “मी नुसती वाटत न्हवतो, वाचूनबी दाखवत हुतो. निम्म्या गावाला वाचता येत न्हवतं. लोक म्हणायचे, तात्या हाय तवर आमाला शाळा कशाला? लई बरं वाटायचं ऐकून. एका साली साखराबाईला तिच्या लेकीचं कार्ड आलं. लेक कडा गावाकडं दिलेली. कार्डात लिवलं हुतं, आई, मला इथं मारतात, येऊन घेऊन जा. साखराबाई नुकती काविळीतून उठलेली. मला वाटलं, ही बाई हे ऐकून मरंल. मी वाचलं, मी सुखात हाय, दिवाळीला येते.”

तात्या पुढे सांगू लागले.

“चार महिन्यांनी लेक एकटी चालत आली. मनगट मोडून वाकडं बसलेलं. आईला म्हणली, तुला माझं कार्ड पोचलं न्हाई का? साखराबाईनं जपून ठेवलेलं कार्ड काढलं आन् शाळेतल्या गुरुजींकडं नेलं. मला ती एक शब्द बोलली न्हाई. दुसऱ्या वर्षी प्रौढांच्या वर्गात पाटी घेऊन बसली, पन्नासाव्या वर्षी. तिनं माझ्याकडून परत कधी पत्र वाचून घेतलं न्हाई. रवी, मी तिचं वाईट करायला न्हवतो गेलो. भलंच करायला गेलतो. आज तू जे करतोस, तेच.”

रविराजची नजर टेबलावर खिळली. वैष्णवीने मागविलेल्या ओटीपीची दहा मिनिटे केव्हाच संपली होती. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटे झाली होती.

मग तात्यांनी बंकटकडे पाहिले. त्यांनी उपदेश केला नाही. एवढेच म्हटले की, नाही म्हणायचे असेल तर आत्ता म्हणा, पोर समोर उभी आहे.

बंकट यांनी मुलीकडे पाहिले. त्यांचे ओठ हलले. फडावर पहाटे उठून दोन माणसांची मोळी एकट्याने उचलणारा तो माणूस त्या एका शब्दाखाली वाकला.

“मला ‘न्हाई’ म्हणवत न्हाई, बाय,” अखेर ते म्हणाले. “तोंडावर म्हणता येत न्हाई, मंजी माझं न्हाई म्हणणंच खोटं हाय. आदिनाथला कड्याला मावशीकडं ठेवू. जनावरांचं बघू काय करायचं ते. रवी, सांग तिला.”

वैष्णवीने पुन्हा ओटीपी मागविला. रविराजचा मोबाइल थरथरला. त्याने सहा अंक एकेक करून मोठ्याने वाचले आणि खुर्चीवरून उठून तिला बसण्यास जागा दिली.

आता या मुलीचे खरे शिक्षण सुरू झाले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तिने नवा पासवर्ड तयार केला. अर्जावर वडिलांचा क्रमांक घातला, आणि त्यावर आलेले सहा अंक स्वतः वाचून भरले. परभणी उचलून पहिल्या ओळीत ठेवली. तेवढ्यावर ती थांबली असती, तर पुन्हा फसली असती. पण तिने अर्ज पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला. ‘वसतिगृह हवे काय?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ असे उत्तर तिला आढळले. ते तिने बदलले. दोनदा चुकली, एकदा पान बंद पडले, एकदा इंग्रजी शब्दाचा अर्थ रविराजला विचारावा लागला. त्याने तो सांगितला, पण माउसला हात लावला नाही. चार वाजून बेचाळीस मिनिटांनी अर्ज दाखल झाला, आणि तसा संदेश बंकट यांच्या मोबाइलवर आला. तो वाचून दाखव असे त्यांनी मुलीला सांगितले. मग थांबून म्हणाले, नको, मीच वाचतो. अक्षर अक्षर जुळवीत त्यांनी तो वाचला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात वैष्णवीला परभणी मिळाली. दरम्यान रविराजने टेबलाच्या अलीकडे दुसरी खुर्ची आणि दुसरा कीबोर्ड मांडला. लांबट वहीतील नावे घेऊन एकेका विद्यार्थ्यास त्याने बोलावले, त्यांच्याच हातून क्रमांक आणि पासवर्ड बदलून घेतले, आणि ज्याचे काम झाले त्याचे पान फाडून त्याच्याच हाती दिले. याने काम मंदावले, लोक कुरकुरले. तरीही महिनाभरात वहीत अकराच पाने उरली. ज्यांचे सिम बंद पडते त्यांच्यासाठी एक तोडगा निघाला: ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक घराने गावात राहणाऱ्या आपल्याच एका माणसाचा क्रमांक निवडावा आणि तो कोणाचा हे अर्जदाराने स्वतः लिहावे. तात्यांनी या तोडग्यावरही वाद घातला, पण दुसरा उपाय त्यांनाही सुचला नाही.

नागरिकहो, आपण मुलांच्या हाती मोबाइल दिला आणि त्यांना इंटरनेट येते असे गृहीत धरले. बघता येणे वेगळे आणि करता येणे वेगळे. ज्याला आपला अर्ज स्वतः उघडता, वाचता आणि दुरुस्त करता येत नाही, त्याच्या वतीने कोणी तरी निर्णय घेतच असतो; आणि तो घेणारा माणूस सज्जन असला तरी निर्णय परकाच राहतो. मदत अवश्य घ्यावी. मदत करणाऱ्याच्या शेजारी बसून घ्यावी. पासवर्ड आपला असावा, क्रमांक आपल्या विश्वासाचा असावा, आणि दाखल करण्यापूर्वी प्रत्येक ओळ आपण वाचलेली असावी. यासाठी मोठी विद्या लागत नाही. हिंगणवाडीत एका दुपारचा दीड तास पुरला.

वैष्णवी परभणीला गेली त्या आठवड्यात बंकट उमापूरच्या बाजारात चहाला बसले होते. तिथे उत्तरेश्वर नावाचे बागायतदार चार माणसांच्या घोळक्यात भेटले. गावोगावच्या निवडणुका त्यांच्या सल्ल्याने लढल्या जात, आणि बोलण्यात टोमणा नसला तर त्यांना चहा गोड लागत नसे.

“काय बे बंकट,” ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, “पोरीनं तुझ्या माघारी फॉर्म बदलला म्हणं?”

बंकट यांनी कप खाली ठेवला.

“माघारी मी केलतं, मालक. तिनं माझ्या म्होरं बसून केलं.”