तिसरी पिन

आकांक्षाचं पत्र येऊन तीन महिने होत आले होते, आणि पुंडलिकरावांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं.

पत्र इंग्लंडहून आलेलं, हातानं लिहिलेलं. लेकीनं पत्र का लिहिलं, हे पहिल्याच ओळीत होतं. 'फोनवर तुम्ही "बरं आहे ना?" म्हणता आणि फोन आईकडे देता, म्हणून लिहिते आहे.' पुढे दोन पानं तिकडच्या थंडीची, तिच्या नोकरीची, पोटातल्या बाळाची. आणि शेवटी एक साधा प्रश्न. 'बाळंतपणाला तुम्ही दोघं याल तेव्हा आईचं झोपेतल्या श्वासाचं मशीन बरोबर लागेलच. त्याची वायर मागून निघते का, तेवढं बघून कळवा. निघत असेल तर इकडच्या प्लगची वायर मी आणून ठेवते. तुम्ही ॲडॅप्टर शोधत फिरू नका.'

वायर निघत होती. पुंडलिकरावांनी त्याच संध्याकाळी मशीन उलटं करून पाहिलं होतं. पण दोन पानांच्या पत्राला एका ओळीचं उत्तर काय द्यायचं? पवनारच्या वाचनालयात तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेल्या माणसाला लेकीला धड पत्रही लिहिता येऊ नये? सात वेळा सुरुवात केली आणि सातही कागद फाडले. आठव्यांदा बसलेच नाहीत.

जायला पाच आठवडे उरले तेव्हा त्यांच्या मुलानं, धीरजनं, मोटरसायकल काढली. "चला बाबा, वर्ध्याहून ॲडॅप्टर घेऊन येऊ. आईच्या मशीनचा प्लग घ्या संगं, फिट बसते का नाई पाहू."

पुंडलिकरावांनी मशीनमागची वायर उपसून काढली आणि पिशवीत टाकली. वायर हातात होती. 'धीरज, ॲडॅप्टर लागतच नाही' एवढं तेव्हा म्हणता आलं असतं. पण मग पत्राचा विषय निघाला असता, आणि उत्तर का नाही दिलं, हाही. ते मुकाट्यानं मागे बसले.

दुकान ओमप्रकाशचं. काउंटरवर पंखे, गिझर, दिव्यांच्या माळा, आणि त्यात एक पांढरा चौकोनी ठोकळा. "युनिव्हर्सल आहे काकाजी," ओमप्रकाश म्हणाला. "दुबई, लंडन, सब जगह चालते. माह्या साडूचा पोरगा हेच घेऊन गेलता."

पुंडलिकरावांनी ठोकळा डोळ्यांशी नेला. "याले दोनच भोकं आहेत," ते हळूच म्हणाले. "अर्थची पिन कुठं जाईल? अन् ही वायर मागून निघते, तं तिकडंच..."

"काय म्हणते काकाजी?"

"बाबानं चार पुस्तकं जास्त वाचली," धीरज हसला. "तुम्ही द्या भाऊ."

ओमप्रकाशनं प्लग लावून पाहिला. वरची जाड पिन आडवी आली. त्यानं काउंटरखालून पक्कड काढली, पिन धरली आणि मनगटाला एक झटका दिला. कडक्. पितळी तुकडा फरशीवर पडून कुठंतरी घरंगळत गेला. "घ्या, झालं फिट. तिसरी पिन नुस्ती शोभेची असते."

पुंडलिकरावांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

पवनार येईपर्यंत त्यांचे कान तापून लाल झाले होते. धीरजच्या पाठीला त्यांनी मनातल्या मनात काय काय सुनावलं. ओमप्रकाशला तर उभा-आडवा झोडपला. वाक्यं कशी नेमकी सुचत होती. दुकानात एकही सुचलं नव्हतं.

घरी अनुसयाबाईंनी प्लग हातात घेतला आणि खाली बसल्या.

"अवो, हे त तानबाच्या वेळेसारखंच केलं."

तानबा हा वाचनालयातला शिपाई. एका उन्हाळ्यात तिथं लोखंडी कूलर आला. भिंतीवरचा बोर्ड जुना, दोन भोकांचा, म्हणून वायरमननं कूलरच्या प्लगची तिसरी पिन अशीच मोडली होती. पुंडलिकराव तेव्हाही बाजूला उभे होते. पत्र्यात उतरलेला करंट याच पिनेतून जमिनीत जातो, हे त्यांनी वाचलेलं होतं. वायरमनला कोण शिकवणार, म्हणून ते गप्प राहिले. ऐन मे महिन्यात तानबा बादलीनं पाणी भरायला गेला आणि दारापर्यंत फेकला गेला. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. त्याच बोटांनी तो पुढे नऊ वर्षं त्यांना चहा आणून देत राहिला.

"याच्यातबी पाण्याचं भांडं आहे," अनुसयाबाई म्हणाल्या. "मी नाई लावत हे. अन् याच्याबिगर मले झोप नाई, श्वास अटकते. पोरीच्या घरी जाऊन तिलेच काऊन घोर लावू? तुम्ही जा. मी येतच नाई."

"आई, काई होत नाई," धीरज म्हणाला.

"होत नाई?" पुंडलिकरावांचा आवाज एवढा चढला की धीरज मागे सरकला. "तानबाले जाऊन विचार, होत नाई काय ते! तुले मी सांगून राह्यलो होतो ना दुकानात? हसला काऊन तू?"

बापाचा असा आवाज धीरजनं कधी ऐकलाच नव्हता.

अनुसयाबाईंनी खरंच मशीन लावलं नाही. सकाळी त्यांचे डोळे सुजलेले होते, आणि चहाच्या पहिल्या घोटालाच त्या बसल्या जागी पेंगल्या. पुंडलिकरावांनी कप त्यांच्या हातातून काढून घेतला, तुटका प्लग आणि तो ठोकळा पिशवीत घातला आणि एकट्यानंच वर्ध्याची बस धरली. खिशात आकांक्षाचं पत्र होतं. रस्ताभर त्यांनी चार वाक्यं पाठ केली. दुकानाच्या पायरीवर चारही गळून पडली.

"मले न विचारता पिन काऊन तोडली?"

ओमप्रकाश एका गिऱ्हाइकाला बल्ब पेटवून दाखवत होता. "बसा काकाजी. पाणी घेता काय?"

"पाणी नाई पाह्यजे. पिन काऊन तोडली?"

"अरे, सगळ्यांची तोडतो. आजपर्यंत कोणाची तक्रार नाई आली."

"तुमच्या घरच्या कूलरचीबी तोडली काय?"

"घरी कायले तोडन?" ओमप्रकाश सहज बोलून गेला. "घरी त मागच्या सालीच नवीन अर्थिंग करून घेतली."

बल्ब घ्यायला आलेला माणूस खुदकन हसला. पुंडलिकराव हसले नाहीत. त्यांनी काउंटरवर एवढ्या जोरानं हात आपटला की माळांचं खोकं खाली पडलं. "म्हणजे तुमच्या घरी पिन लागते, अन् माह्या बायकोच्या उशाशी शोभेची? पाणी भरलेलं मशीन आहे ते! आठ तास नाकाले लावून झोपते ती!"

ओमप्रकाशचं हसू मावळलं, पण तो दुकानदार होता, एवढ्यानं हार मानणारा नव्हता. "काकाजी, तुम्ही समोरच उभे होते ना. तेव्हा बोलले काऊन नाई?"

तानबानं हाच प्रश्न कधी विचारला नव्हता, तो या परक्या माणसानं विचारला. पुंडलिकरावांना त्याचा राग आला, पण त्याहून कितीतरी जास्त स्वतःचा आला. एका ओळीसाठी तीन महिने अडून बसावं, अशी कसली मोठी लागून गेली आपली भाषा?

"नाई बोललो," ते म्हणाले. "माही चूक. आता बोलून राह्यलो. हा ठोकळा परत घ्या अन् घरी लावायले अर्थवाली पुरी वायर द्या. अन् ती पक्कड दुसऱ्या कोणाच्या प्लगले लावाल, तं मी इथं येऊन उभा राहीन. रोज."

वायर मिळाली. मशीनमागे बसणारं तोंड तेच आहे का, पिना तीनही शाबूत आहेत का, हे त्यांनी जुन्या वायरीशी जोडून दोनदा पाहिलं आणि मगच ती पिशवीत घातली. ओमप्रकाश खाली वाकून माळा गोळा करत होता.

तिथून ते तडक पोस्टात गेले. वाटेत धीरजचा फोन आला. त्याला त्यांनी पत्रातला वायरीचा प्रश्न सांगून टाकला. "बाबा, आकांक्षाले मी मेसेज टाकू काय वायरचं?"

"टाक. पण मले तिनं पत्रात विचारलं आहे, मी पत्रातच सांगतो."

काउंटरशेजारच्या तिरक्या फळीवर उभ्या उभ्या त्यांनी लिहिलं. फाडायला वेळ नव्हता, आणि राग अजून बोटांत होता, म्हणून अक्षरं मोठी आली.

'चि. आकांक्षा, वायर मागून निघते. तुझं पत्र आलं त्याच दिवशी पाहिलं होतं. तिकडची वायर आणून ठेव, तीन पिनांची. ॲडॅप्टर आणत नाही. चांगलं पत्र लिहायचं म्हणून मी थांबलो, आणि त्यापायी काल तुझी आई येत नाही म्हणाली. तिला आता सांगतो, तू वायर आणते आहेस. म्हणजे ती येईल. मी फोन लगेच आईला देतो, कारण काय बोलावं ते मला सुचत नाही. तुझ्यावर राग नसतो. तिकडे आलो की तानबाची गोष्ट सांगेन. तेव्हा मी बाजूला गप्प उभा होतो, हे कोणालाच सांगितलेलं नाही. बाबा.'

वाचून पाहिलं असतं तर पुन्हा फाडलं असतं. त्यांनी वाचलं नाही. पाकीट चिकटवलं, पत्ता आकांक्षाच्या पत्रावरून जसाच्या तसा उतरवला, काउंटरवरच्या बाईंनी सांगितली तेवढी तिकिटं लावली, आणि बाहेर येऊन लाल पेटीत टाकलं. बोटं क्षणभर फटीतच राहिली. मग त्यांनी हात बाहेर काढला.