रोह्यापर्यंत

“यंदा मी कोण रे, जयंत?” रिवकाताईंनी हातातल्या पिशव्या दाराशी टेकवल्या आणि चष्मा वर करून पाटी वाचली. “डॉक्टर हार्डिंग. म्हणजे हिमनद्या. गेल्या वर्षी मी मिसिसिपी होते.”

मँचेस्टरच्या आमच्या युनिव्हर्सिटीत भूगोलाचा कुणी प्राध्यापक सबॅटिकलवर, म्हणजे वर्षभराच्या भरपगारी अभ्यासरजेवर गेला, की त्याच्या जागी रिवका किहीमकर यायच्या. त्याचेच तास घ्यायचे, त्याच्याच खोलीत बसायचं, त्याच्याच कुंड्यांना पाणी घालायचं. अकरा वर्षांत नऊ खोल्या झाल्या होत्या. करार दरवेळी नऊ महिन्यांचा. जून संपला की पगार बंद, पण ऑगस्टात फेरपरीक्षेचे पेपर तपासायला फोन मात्र त्यांनाच. तेव्हा त्या एका बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग करत असायच्या. संध्याकाळी तिथून येऊन पेपर तपासायच्या, तेही फुकट. मी युनियनचा सेक्रेटरी. माझं डोकं फिरायचं. त्यांचं कधी फिरलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

त्यांचं लक्ष असायचं भलतीकडेच. दुपारी चहाचा मग घेऊन त्या खिडकीशी बसायच्या आणि कोकणातल्या कुंडलिका नदीबद्दल बोलायच्या.

“पाऊस ओसरला की वर सह्याद्रीत उगमापाशी जायचं. मग खाली यायचं, सावकाश. एकेका गावी आठ-दहा दिवस राहायचं, पाणी मोजायचं, म्हाताऱ्यांना जुने पूर विचारायचे. नोव्हेंबरात धुकं असतं बघ नदीवर, भात कापून झालेला असतो. असं करत करत उन्हाळ्याच्या तोंडाला रेवदंड्याला समुद्रावर. पाणी जसं घरी जातं तसं आपण जायचं.”

रेवदंडा त्यांचं जन्मगाव. त्यांच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणी ज्यूंच्या, आळीतली बहुतेक माणसं केव्हाच इस्रायलला गेली होती. त्यांनाही रेवदंड्यात पाऊल ठेवून तीस वर्षं झाली होती. बोलताना त्यांचा आवाज इतका हलका व्हायचा, की खालच्या ओल्या रस्त्यावर बसगाड्या नाहीत, पाणीच सरकतंय असं मलाही वाटायला लागायचं. चहा निवून जायचा आणि आम्हाला पत्ता नसायचा.

तीन वर्षं मी भांडलो. अखेर त्र्याण्णवच्या मार्चमध्ये युनिव्हर्सिटी नमली. रिवकाताईंना कायम नोकरी मिळाली, बारा महिन्यांचा पगार मिळाला, आणि आधीची अकरा वर्षं धरून ऑक्टोबरपासून वर्षाची अभ्यासरजाही. पत्र वाचून त्या रडल्या. मीही रडलो. सांगायला लाज कसली?

मे महिन्यात त्या माझ्या खोलीत आल्या तेव्हा हातात एक कागद होता.

“माझ्या जागी हेलन एन्टविसलला घेतायत. बोल्टनची आहे. हे बघ, नाइन मंथ्स. परत नाइन मंथ्स.”

“ते नेक्स्ट इयर बघू ना. तुम्ही आधी तिकीट काढा.”

“चाळीस वर्षांची आहे रे. दोन मुलं आहेत तिला.”

“आणि तुम्ही बावन्नच्या आहात!”

त्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “शब्बाथला, शनिवारच्या विसाव्याला, आमच्याकडे चूल पेटवायची नाही. शेजारची यमुना यायची. ती चूल पेटवायची, चहाचं आधण ठेवायची, म्हशीला पाणी दाखवायची. वडील ओटीवर बसून शांतपणे प्रार्थना म्हणायचे. सबंध घर कसं सुटीत असायचं. एकदा मी आईला विचारलं, यमुनाचा शनिवार कधी असतो?”

“मग?”

“आईनं चिमटा काढला. जोरात.”

 मी आपलं भाषण दिलंच, युनियनवाला ना. एकट्या माणसानं जग बदलत नसतं वगैरे. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सरळ हेडच्या खोलीत जाऊन आपला सौदा ठरवून आल्या. रिवकाताईंनी जानेवारीतच परतून विभागातले इतर तास घेतले, तर बाहेरून तासांवर बोलवायच्या माणसांचे पैसे वाचणार होते. त्यातून हेलनला उन्हाळ्याचाही पगार देता येणार होता. वर्षाच्या रजेतले तीन महिनेच उरले. बाकीची रजा त्यांनी स्वतःच्या सहीनं परत केली.

मी भयंकर चिडलो. “तीन वर्षं काय झक मारत होतो मी?” असं त्यांच्या तोंडावर म्हणालो. नंतर माफी मागितली, तर म्हणाल्या, “अरे, रागावलास ते बरं केलंस. मला नाही रागावता येत.”

ऑक्टोबरात त्या गेल्या. जानेवारीत परत आल्या तेव्हा चांगल्या रापल्या होत्या. आपल्या नावाची खोली त्यांनी हेलनकडेच राहू दिली होती आणि स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी वह्या मांडत होत्या.

“मग? समुद्र?” मी विचारलं.

“रोह्यापर्यंत पोचले.”

“अहो, तिथून रेवदंड्याला एसटी आहे! जाऊन तरी यायचं.”

“एसटीनं कधीही जाता येईल रे. मला नदीबरोबर जायचं होतं.”

मला फार वाईट वाटलं. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो, तशा त्या म्हणाल्या, “शेवटच्या दिवशी पुलाखाली जाऊन उभी राहिले. भरतीचं पाणी तिथवर येतं. नदी उलटी वर चढत होती, अगदी हळू. एक वाळकं पान माझ्या समोरून डोंगराकडे गेलं. मी हात बुडवला आणि बोट चाखलं. धुणं धुणाऱ्या बायका ओरडल्या, अहो बाई, कारखान्याचं पाणी हाय, आजारी पडाल.”

“आणि?”

“खारट होतं.”

एवढं सांगून त्यांनी खडूची पेटी उचलली, घड्याळ पाहिलं आणि तासाला गेल्या.