डावखुऱ्याची रेघ

संजना गांगुर्डेने पुण्यातल्या एका मोटार कंपनीत सात वर्षं काढली आणि त्या सात वर्षांत चार गाड्यांचे मागचे दिवे आणि एका गाडीच्या दारांच्या मुठी डिझाइन केल्या. अख्खी गाडी कधीच नाही. म्हणून नाशिकहून भारत कदमचा फोन आला तेव्हा तिने फार काही विचारलं नाही. महिन्याभरात ती घरी परतली.

भारत दिंडोरीकडच्या वायनरींना स्टीलच्या टाक्या बनवून देतो. अंबड एमआयडीसीत त्याची मोठी शेड आहे. अपघातात चेपलेली एक परदेशी स्पोर्ट्स कार त्याने विकत घेतली होती. इंजिन आणि सांगाडा धड होता, वरचा पत्रा पार गेलेला. त्या सांगाड्यावर नवी बॉडी चढवायची होती आणि ती कशी हवी हे त्याने पहिल्याच दिवशी मोबाईलवर दाखवलं. साठ वर्षांपूर्वीची एक इटालियन गाडी. जगात अकराच बनलेल्या.

"सेम टू सेम," तो म्हणाला.

संजनाने तो फोटो लगेच ओळखला. कॉलेजच्या होस्टेलवर तिच्या पलंगाशेजारी हाच फोटो होता. दारावरून सरळ चाललेली एक रेघ मागच्या चाकापाशी येऊन एकदम वर उचलली जायची. उडी मारण्याआधी मांजर पाठ उचलतं तशी. त्या एका रेघेपायी ती या धंद्यात आली होती.

"ही दुसऱ्याची गाडी आहे, भारतदादा. मी तुम्हाला तुमची काढून देते."

"काढ ना. पण ही बघून मला जे होतं, ते तुझी बघून झालं पाहिजे."

तीन महिने ती काढत होती. कागदावर नाक छान उतरायचं आणि तासाभरात आठवायचं की हे कुठल्याशा इंग्लिश गाडीचं. काच बदलली तर ती जर्मन निघायची. आणि काहीही काढलं तरी मागच्या चाकापाशी हात आपोआप वर उचलला जायचा.

त्याच शेडमध्ये धोंडीराम तांबट काम करायचे. चौसष्ट वर्षांचे. जुन्या नाशकातल्या तांबट गल्लीत त्यांची अख्खी हयात घागरी आणि बंब ठोकण्यात गेली होती. आता तांब्याला गिऱ्हाईक कमी, म्हणून ते भारतकडे टाक्यांची गोल झाकणं ठोकायला यायचे. गाडीचा पत्राही त्यांनीच हाताने ठोकायचा असं ठरलं होतं, पण चित्रच ठरत नव्हतं.

"ताई, रोज एवढे कागद कशाला फाडता?" एकदा त्यांनी विचारलं.

"कुठली ना कुठली रेघ चोरीची निघते, काका."

धोंडीराम विचारात पडले. "मग माझी तर एक पण घागर माझी नाय. सगळ्या आज्याच्या."

हे त्यांनी समजूत घालायला म्हटलं नव्हतं. दुपारी डबा खातानाही ते त्याच विचारात दिसले.

शेवटी भारतनेच शोध लावला. त्या अकरांपैकी एक गाडी बडोद्याजवळच्या एका मराठी कुटुंबाकडे होती. तिची दुरुस्ती चालू होती. बघायची परवानगी मिळाली, तसे भारत, संजना आणि धोंडीराम पहाटे निघाले. घरच्या अंजलीबाईंनी गॅरेजचा दरवाजा सरकवला.

गाडी फोटोपेक्षा लहान होती. बुटकी, जवळजवळ जमिनीला टेकलेली. रंग पूर्ण खरवडून काढला होता, त्यामुळे उघडं ॲल्युमिनियम उन्हात मऊ चमकत होतं. संजनाने ती रेघ पहिल्यांदा खरी पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. भारतने तर चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या.

धोंडीरामांनी मात्र रेघ बघितलीच नाही. त्यांनी अंजलीबाईंना विचारलं, "आतून हात लावू का?" मग सतरंजी मागून घेतली, मागच्या चाकाशेजारी उताणे झाले आणि हात कोपरापर्यंत आत घालून डोळे मिटले.

बराच वेळ गेला. त्यांची बोटं पत्र्याच्या पाठीवरून हळूहळू सरकत होती. मग ते उठले, दुसऱ्या बाजूला गेले, पुन्हा आडवे झाले.

"दोघं जणं होते," ते आतूनच म्हणाले.

"कोण दोघं?" भारतने विचारलं.

"ठोकणारे. हा उजवीकडचा शांत माणूस. ठोक्याला ठोका लावून गेलाय, आमच्या घागरीवरच्या मठाराच्या ठोक्यांसारखा. तिकडचा डावखुरा. त्याचे ठोके उलट्या अंगाने पडलेत." ते बाहेर आले आणि पुन्हा डाव्या बाजूला गेले. त्यांचा चेहरा बदलला होता. "पोरी, इकडे ये. हात दे."

आजवर ते तिला ताई आणि तुम्ही म्हणत आले होते. संजना तशीच खाली बसली. त्यांनी तिचं मनगट धरून हात डाव्या चाकाच्या वर, आत नेला. तिथे पत्रा खडबडीत लागत होता. शेकडो बारीक ठोके एकमेकांवर चढलेले.

"इथे त्याचा पत्रा ताणला गेला. पातळ पडला. अजून एक ठोका, की फाटलाच असता. मग त्याने चारी बाजूंनी पत्र्याचा माल गोळा करून इथे आणला, आणि माल आला तसा पत्रा वर उठला." त्यांनी दुसऱ्या हाताने बाहेरून ती जागा दाखवली. "ही रेघ कोणी काढलेली नाय. ही झालीय."

"आणि उजवीकडे?"

"तिकडे काहीच बिघडलं नव्हतं. त्या शांत माणसाने याचं बघून बघून तस्संच उठवलं."

संजनाने पिशवीतून माप काढलं. दोन्ही बाजूंची उंची तिने तीनदा मोजली. डावी बाजू चार मिलिमीटरनी उंच होती. पुस्तकांतून ज्या रेघेची ती भक्तिभावाने वर्णनं वाचत आली होती, तिचा निम्मा भाग एका माणसाने सावरलेली चूक होता आणि निम्मा दुसऱ्याने केलेली तिची नक्कल. तिला वाटलं होतं, असं काही कळलं तर गाडी मनातून उतरेल. झालं उलटंच. साठ वर्षांपूर्वी कुठल्याशा गावात दोन माणसं अशीच वाकून उभी होती, एकाला घाम फुटला होता आणि दुसरा बघत होता, हे तिला तिच्या तळहाताखाली जाणवत होतं. अंजलीबाई कधीच्या तिच्या शेजारी जमिनीवर येऊन बसल्या होत्या. "हिला आम्ही तीस वर्षं नुसतं बाहेरून पुसलं हो," त्या म्हणाल्या आणि त्यांनीही हात आत घातला.

नाशिकला परतल्यावर संजनाने कागद फाडणं बंद केलं. मागचा उठाव तिने सरळ त्या गाडीचा घेतला आणि चित्रावर तसं लिहिलं. मग काम सुरू झालं. धोंडीराम ॲल्युमिनियमच्या पत्र्याला साबण चोळायचे, खालून आच द्यायचे, साबण काळा पडला की पत्रा मऊ झाला असं समजायचं. तांब्याची सवय असलेल्या हाताला ॲल्युमिनियम फसवायचं. ते फार लवकर ताणलं जायचं. अडलं की धोंडीराम हातोडी खाली ठेवायचे. "इथे पत्रा दमला. आता कुठे नेऊ?" आणि संजना खडूने तिथेच, पत्र्यावर, पुढची रेघ काढायची. कधी ती धोंडीराम पुसून टाकायचे, कधी तीच पुसायची. मागचा उठाव इटालियन गाडीसारखा वर चढला खरा, पण खाली येताना त्याला तशी वाट मिळेना. तो आत वळला आणि घंगाळाच्या काठासारखा खालून दुमडून आला. हे दोघांपैकी कुणीच योजलेलं नव्हतं.

पूर्ण होईपर्यंत बघायचं नाही असं ठरवून दूर राहिलेला भारत सातव्या महिन्यात बघायला आला. तो गाडीभोवती दोनदा फिरला.

"ही तशी नाहीये," तो म्हणाला.

"नाही," संजना म्हणाली. "मागचा उठाव त्या गाडीचा आहे. बाकीचं मला सांगता येत नाही कुठून आलं."

भारत मागच्या चाकापाशी गेला आणि तिथेच उकिडवा बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. टाक्यांच्या ऑर्डरी घेऊन आलेला माणूस दारात ताटकळत होता. शेवटी भारतने मान वर केली. "ती बघून होतं ना, हेच," तो एवढंच म्हणाला.

गाडी पहिल्यांदा बाहेर काढली त्या सकाळी धोंडीराम म्हणाले, आमच्या गल्लीवरून न्या. गल्लीत ती शिरणं शक्य नव्हतं, म्हणून भारतने ती मोठ्या रस्त्याला कडेने उभी केली. निरोप गेला आणि तांबट गल्लीतली माणसं हातातलं काम टाकून आली. तरणी पोरं मोबाईल काढून उभी राहिली. म्हातारे पत्र्याजवळ सरकले.

गर्दीतून चतुराबाई पुढे आल्या. नवऱ्यामागे वीस वर्षं त्यांनी स्वतः भट्टी सांभाळली होती. त्यांनी गाडीला एक फेरी घातली, वाकल्या, मागच्या उठावावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि कान लावला. मग थोडं पुढे सरकून पुन्हा टकटक.

"कुठेच बद्द वाजत नाय," त्या धोंडीरामांना म्हणाल्या. "एकट्याने केलंस?"

"नाय," धोंडीराम म्हणाले आणि संजनाला हाताला धरून पुढे आणलं. "ही होती."

चतुराबाईंनी संजनाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, तिचे दोन्ही हात उलटे करून बघितले, आणि ते बराच वेळ सोडलेच नाहीत.