बाबांचं बीपी

बाबांनी आईला मारलं की शेजाऱ्यांना सांगायचं वाक्य आमच्या घरात ठरलेलं होतं. "त्यांना बीपी आहे."

बारा वर्षांपूर्वी ऑफिसच्या तपासणी शिबिराला जाताना बाबा गेटवरच्या चपराशाशी भांडले, तीन जिने तरातरा चढले आणि धापा टाकतच खुर्चीत बसले. मशीनवर एकशे साठ आलं. त्या एका आकड्याच्या जोरावर बाबांनी, म्हणजे दादारावसाहेबांनी, आमच्यावर बारा वर्षं राज्य केलं. पुन्हा मोजलं नाही, गोळी कधी घेतली नाही. घर शांत ठेवायचं हेच त्यांचं औषध, आणि ते आम्ही घ्यायचं. दारात दाबून त्यांनी आईचं बोट मोडलं, तेव्हा इकडे उत्तरेतच वाढलेला माझा भाऊ नागसेन फोनवर म्हणाला, "दीदी, कुछ मत बोलना यार, पापा का बीपी बढ़ जाएगा।"

आणि मी कोण? निशातगंजच्या एका दवाखान्यात नर्स! दिवसाला चाळीस दंडांना पट्टा बांधते. मलिहाबादचा आंब्याचा दलाल धावत येतो, त्याला आधी बसवते. पाय खाली, पाठ टेकून, पाच मिनिटं बोलायचं नाही. डॉक्टरला बघूनच ज्याचं वाढतं त्याला घरी मोजून लिहून आणायला सांगते. उठताना चक्कर येणाऱ्या म्हाताऱ्याला उभं करून पुन्हा मोजते. एकदाच्या आकड्यावर कुणी आजारी ठरत नाही, हे लोकांना ऐकवून माझं तोंड दुखतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बाबांचा दंड धरायची माझी हिंमत झाली नाही, आणि आईचं मोजावं हे डोक्यातच आलं नाही. ती गरीब गाय, तिला कसलं बीपी!

त्या मंगळवारी सकाळी बाबा इंदिरा नगरच्या आमच्या घरात जेवायला बसले. वरणात मीठ घातलं की "मले मारायले निघाली," आणि नाही घातलं की "ढोराच्या पेंडीतही मीठ असते." त्या दिवशी घातलं नव्हतं. पाण्याचा तांब्या सरळ आईच्या भुवईवर बसला. ती खाली पडली तशी त्यांनी तिच्या कमरेत लाथ घातली, मग दुसरी. मी मध्ये पडले तर माझे केस धरून डोकं फ्रिजवर आपटलं. फरशीवर वरण आणि रक्त एक झालं. मला त्यांचा जीव घ्यावासा वाटला, खोटं कशाला सांगू. लाटणं उचललंही होतं. आई खालूनच म्हणाली, "राहू दे रूपा, त्यायचं बीपी वाढन."

मी तिला रिक्षात घालून आमच्याच दवाखान्यात नेलं. बाबा सोबत आले, 'बाथरूममध्ये घसरली' हे सांगायला. डॉक्टरबाईंनी पाच टाके घातले आणि आईच्या दंडाला पट्टा बांधला. दोनशे आठ, एकशे अठरा. दुखण्यानंही वाढतं, म्हणून तिला तासभर निजवलं आणि दोन्ही दंडांवर मोजलं. दोनशे चारच्या खाली येईना. मग डोळ्यांत बॅटरी धरून त्यांनी आतल्या शिरा पाहिल्या.

"ये आज का नहीं है, बरसों का है। इलाज नहीं हुआ तो लकवा मार जाएगा, जान भी जा सकती है।"

बाबांसाठी केलेलं अळणी वरण घशाखाली उतरेना, म्हणून आई बारा वर्षं खारट लोणच्याशी पोळी खात होती. मी रोज समोर बसून ते बघत होते.

"बीपी तो मुझे है," बाबा म्हणाले. तासभर ते पंख्याखाली पेपर वाचत बसले होते. त्यांनी ऐटीत बाही वर केली.

डॉक्टरबाईंनी तीनदा मोजलं. एकशे सव्वीस, अठ्ठ्याहत्तर. डोळ्यांतल्या शिराही स्वच्छ. "गोली कौन सी लेते हैं?"

"गोली नहीं लेता।"

"हफ़्ता भर घर पर नाप लीजिए। पर मुझे नहीं लगता आपको बीपी है।"

बाबांनी मशीन उचलून जमिनीवर आदळलं. काच उडाली. "तूच शिकवलं या डॉक्टरनीले!" म्हणत त्यांनी माझा गळा धरला आणि मला भिंतीवर दाबलं. डॉक्टरबाई ओरडत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली.

तेवढ्यात बाबांच्या उघड्या दंडावर सलाइनचा लोखंडी स्टँड बसला. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा. गळ्यावरचा हात सुटला. बाबा कळवळून खुर्चीत कोसळले. आई एका डोळ्यावर पट्टी घेऊन उभी होती, स्टँड अजून दोन्ही हातांत घट्ट धरलेला. मोडलेलं बोट तेवढं बाहेर राहिलं होतं.

बाबा उठायला गेले. आईनं स्टँड पुन्हा उचलला.

"बसा," ती म्हणाली. "पाय खाली सोडा. पाच मिनिटं बोलायचं नाई. बीपी मले हाय."

बाबा बसले. बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं पाहिलं, आणि मला आनंद झाला.

"रूपा," आई म्हणाली, "माही गोळी आण."