तुटलेली पांढरी रेघ

डॉक्टरीणबाईंनी जेली लावलेला सोनोग्राफीचा प्रोब टेकवला आणि टेबलावरच्या माणसाने त्यांचे मनगट पकडले.

"पुरुष डॉक्टर नाही का?"

"आज मीच आहे. हात सोडा."

त्याने सोडला, पण चार बोटे उमटवूनच. त्याचे लिंग वांग्यासारखे काळेनिळे सुजून एका बाजूला वळले होते.

"कसं झालं?"

"बल्ब बदलताना स्टुलावरून पडलो. कट् असा आवाज आला." मग कोणी न विचारताच तो म्हणाला, "बायको घरात नव्हती."

चोराच्या मनात चांदणे! बाईंनी पडद्याकडे पाहिले. दोन करड्या नळ्या शेजारी शेजारी, त्यांच्याखाली मूत्रमार्ग आणि नळ्यांभोवती आवरणाची पांढरी रेघ. एरवी हे आवरण चिवट असते. नळ्यांत रक्त भरून अवयव ताठला की ते ताणले जाऊन कागदासारखे पातळ होते, आणि तेव्हा जोराचा दणका बसला तर फाटते. उजवीकडे ती रेघ आठ मिलिमीटर तुटली होती. बाहेर रक्त साचले होते. बल्ब बदलायला त्या अवस्थेत कोणी स्टुलावर चढत नाही.

प्रोब सुजेवरून फिरला तसा तो दात खाऊन पुटपुटला, "घरी गेलो की हाडं खिळखिळी करतो तिची."

"त्या घरात नव्हत्या ना?"

त्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

"आजच शिवावं लागेल," बाई म्हणाल्या. रिपोर्टमध्ये त्यांनी शेवटी लिहिले: सांगितलेली हकिकत दुखापतीशी जुळत नाही. हे लिहिताना त्यांना भयंकर राग आला होता. अक्षर मात्र नेहमीसारखे आले.

बाहेर बाकावर त्याची बायको मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. एवढ्या उकाड्यात गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली. बाईंनी काही न विचारता आपले लाल झालेले मनगट तिच्यापुढे धरले. तिने ते बराच वेळ पाहिले, मग ओढणी सैल केली. मानेवर दोन्ही बाजूंना बोटांचे निळे वळ होते.

"मी नको म्हणत होते," ती म्हणाली. "त्यानं गळा धरला. श्वास बंद झाला तेव्हा गुडघा मारला. आता तो जिवंत ठेवणार नाही मला."

"पोलिसांना कळवू?"

"कळवा. पण आधी मुलीला बहिणीकडे पोचवू द्या. एकला शाळा सुटते तिची." तिने खोलीच्या दाराकडे पाहिले. "किती दिवस ठेवतील त्याला?"

"दोन दिवस तरी."

तेवढ्यात सिस्टर आली. "पेशंटला दाखल करतोय. कपडे आणलेत ना? द्या ती पिशवी."

बायकोने पिशवी छातीशी धरली. बाईंनी मधे हात घालून चेन बोटभर उघडली. आत फुलाफुलांचा फ्रॉक, एक जन्मदाखला आणि लहानशा चपला होत्या. त्यांनी चेन लावून टाकली.

"यात नाहीत त्याचे," त्या सिस्टरला म्हणाल्या. "घरी जाऊन आणतायत त्या. वेळ लागेल. तोवर आपले हॉस्पिटलचे घाला त्याला."

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. बाई जिन्याचे दार तिच्यासाठी उघडे धरून उभ्या राहिल्या.