कपाळ, नाक, हनुवटी

"तुकडे कुठायत?" दादांनी आरशातून विचारलं.

मी टेबलाकडे बघितलं. कपाळ, नाक, हनुवटी असे तीन सुटे तुकडे हवे होते. तिथे अख्खा निळा चेहरा एकाच साच्यातून काढून ठेवलेला. नव्या मुखवटेवाल्याची हुशारी! मेल्यानं मला एका शब्दानं विचारायचं तरी.

"या वेळी एकच आहे, दादा. पटकन होईल."

"पटकन कशाला, पोरी? मला कुठं जायचंय?" ते हसले. माझे केस पिकले, तरी त्यांची मी पोरीच.

दादा म्हणजे आमच्या अंतराळपटांतला परग्रहावरचा नावाडी. पहिल्या भागापासून तेच, आणि त्यांच्या तोंडाला गोंद लावणारी मीच. आता कंपनीनं जुन्या मंडळींना निरोप द्यायचं ठरवलं होतं. कप्तान झाला, डॉक्टरीण झाली, आज दादांची पाळी. यान वाचवायला नावाडी मागं राहतो, तीन वाक्यं बोलतो, संपलं.

तीनच वाक्यं. पण मागच्या भागापासून दादांच्या डोक्यात काही टिकेनासं झालं होतं, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. म्हणून आम्ही एक रीत पाडली होती. कपाळ चिकटवताना पहिलं वाक्य म्हणायचं, नाकाला दुसरं, हनुवटीला तिसरं. गोंद वाळेपर्यंत मी बोटानं दाबून धरायची आणि ते म्हणत राहायचे. मग कॅमेऱ्यासमोर त्या जागा ओढल्या गेल्या, की वाक्यं बरोबर ओळीनं यायची.

सहायक दिग्दर्शकाला कुणकुण लागलीच होती. दारातून डोकावून म्हणाला, "मावशी, म्हातारबुवा अडकले तर काळजी नको. त्यांच्या मापाचा माणूस तयार बसवलाय. मुखवट्याआड कोण बघतंय? आवाज नंतर टाकू."

आयुष्यभर या माणसानं तो निळा चेहरा घातला, आणि शेवटचा निरोप दुसऱ्यानंच घ्यायचा? मुखवट्याचे तीन तुकडे करायला मी कात्री उचलली, पण कापलेल्या जाड कडांचे जोड कॅमेऱ्यात दिसले असते. निमूटपणे खाली ठेवली.

मुखवटा चढवला, तसा सगळा चेहरा एकदम ओढला गेला. दादा बावरले. "पोरी, आधी कुठलं गं?"

मी सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण डोळ्यांत काही उतरलं नाही.

सेटवर दिवे लागले. दिग्दर्शकानं इशारा केला. दादा गप्प. यानाचा दांडा धरून नुसते उभे. कोपऱ्यात दुसरा निळा माणूस खुर्चीवरून उठला.

मी कॅमेऱ्याच्या बाजूला सरकले आणि स्वतःच्या कपाळावर बोट दाबलं.

दादांनी माझ्याकडे बघितलं. "यान वळवा," ते म्हणाले.

मी नाक दाबलं. कुणी हसलं असेल तर हसो बापडं.

"माझ्यासाठी थांबू नका."

हनुवटी.

"तुम्ही घरी पोचलात, की मला इथे कळेल."

टाळ्या थांबेनात. सहायक डोळे पुसत होता. मला मात्र तिथून पळून जावंसं वाटत होतं. पुढचा भाग नाही. उद्यापासून यांच्या कपाळावर बोट कोण ठेवणार?

खोलीत येऊन मी कडेकडेनं तेल सोडलं आणि मुखवटा सोलायला घेतला. मुद्दाम हळू. आत काय सापडेल, याचीच भीती वाटत होती. शेवटी पांढऱ्या भुवया दिसल्या, मग तोंड. मी कोमट फडक्यानं पुसलं.

दादांनी आरशात स्वतःकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"फार हलका हात आहे हो तुमचा, बाई," ते म्हणाले. "माझ्याबरोबर कुणी आलंय का?"

मी म्हटलं, "मी आलेय ना."

"मग बरं झालं." त्यांनी सवयीनं मान मागे टेकली, डोळे मिटले आणि गोंदाची वाट बघत बसले.

मी कोरडा ब्रश उचलला आणि त्यांच्या कपाळाला लावला.