टॉवेलखालची मी

मी एक जुनी रिंग आहे, मित्रांनो. बोटातली नव्हे. मऊ सिलिकॉनची, लहान बांगडीएवढी. बाईचं गर्भाशय खाली सरकलं की मी आतून त्याला आधार देते. तोंड वाकडं करू नका. चष्म्याने आपली कहाणी सांगितली तर कौतुकाने ऐकता ना?

माझी मालकीण बसवर कंडक्टर. बावीस वर्षं उभ्याने तिकिटं फाडली आणि एक दिवस तिचं अंग बाहेर येऊ लागलं. कुणाला काही न सांगता तिने डेपोत बसायचं काम मागून घेतलं. तिथे तिचा जीव रमेना. शेवटी दवाखाना गाठला.

"ऑपरेशनच करावं लागेल ना?"

"तो मार्ग आहेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या बाबतीत आधी हे करून बघू."

माझ्या आधीची रिंग मापाला लहान निघाली, पहिल्याच शिंकेला बाहेर. मग माझी नेमणूक झाली. मी तसूभर हलले नाही. मला काढायचं, धुवायचं, बसवायचं कसं ते बाईंनी शिकवलं, तपासणीच्या तारखा दिल्या आणि व्यायामही: लघवी अडवल्यासारखं आतून आवळायचं, पाच मोजायचे, सोडायचं. मालकीण बसवर परतली आणि व्यायाम थांब्यांवर करू लागली. एक घंटी, गाडी थांबली, आवळलं. दोन घंट्या, गाडी निघाली, सोडलं. भर गर्दीत कुणाला पत्ता नाही.

घरी मात्र मला धुतलं की टॉवेलखाली दडवायची. मला भारी राग येई. काम मी करायचं आणि तोंडही मीच लपवायचं?

एकदा सासूबाईंनी टॉवेल उचलला. "हे काय गं?"

मालकीण गोरीमोरी झाली. नळाचं वायसर म्हणून वेळ मारून नेता आली असती. ती म्हणाली, "माझं अंग बाहेर येतं, आई. हिच्या जोरावर दिवसभर उभी असते. आता नाही लपवणार."

सासूबाईंनी मला हातात घेऊन वाकवून पाहिलं. "माझं धाकटा झाला तेव्हापासून येतं," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, बाईला हे असतंच."

चाळीस वर्षं, मित्रांनो. बोलायला चाळीस वर्षं लागली.

पुढच्याच आठवड्यात सासूबाई आमच्याच बसने दवाखान्यात निघाल्या. थांबा आला, मालकिणीने एक घंटी दिली. सासूबाई ताठ बसून मनात पाच मोजत होत्या.

तेव्हा विनंती नाही, बजावून सांगते: मला स्वच्छ धुवा, पण दडवू नका. आता मी खिडकीत सासूबाईंच्या चष्म्याशेजारी वाळते. माझ्या बाजूला त्यांनी आणखी एका रिंगेपुरती जागा करून ठेवली आहे.